लागलं का

अमृतनं डावा हात गालापाशी ठेवला, कंबरेतून वळला आणि वरदच्या बरगडीत असा ठोसा घातला की वरदच्या तोंडातलं माऊथगार्ड उडून मॅटवर पडलं. वरद गुडघ्यांवर आला. पुढं काय करायचं हे अमृतला झोपेतही पाठ होतं. मान धरायची, खाली दाबायचं, पाठीवर चढायचं. त्यानं यांतलं काहीच केलं नाही. तो वाकला, ग्लोव्हजच्या जाड बोटांनी ते माऊथगार्ड उचलायची खटपट करू लागला आणि म्हणाला,

"लागलं का ओ, सायेब?"

हनुमंतनं शिट्टी फुंकली.

"अमृत, तू फायटर हाईस का दवाखान्यातली सिस्टर?"

"न्हाई सर, त्यांचा आवाज कसातरीच आला."

"आवाज येनारच. त्यासाठीच मारत्यात."

वरद मॅटवर आडवा झाला होता. भोरच्या बँकेत काचेमागं बसून त्याचं पोट सुटलं होतं आणि ते कमी करायला म्हणून तो इथं आला होता. पोट होतं तिथंच राहिलं, पण मार खायची त्याला सवय झाली.

"सर, लागलंय," तो छताकडं बघत म्हणाला. "पण त्याला सांगू नका. तो रडेल."

शिवऱ्याला हायवेच्या कडेची ही शेड पूर्वी कोंबड्यांची होती. कोंबड्या जाऊन बरीच वर्षं झाली तरी हवा दमट झाली की त्यांचा वास परत यायचा. बाहेरच्या पाटीवर पेंटरनं 'मिक्स' हा शब्द एवढा मोठा काढला की 'मार्शल आर्ट्स'ला जागाच उरली नाही. साताऱ्याकडं निघालेली माणसं गाडी लावून आत यायची, घामानं निथळत एकमेकांच्या माना आवळणारी पोरं बघायची आणि तरीही विचारायची, मिसळ आहे का म्हणून. पहिल्या वर्षी हनुमंत चिडायचा. आता तो तोंडानं काही बोलत नसे, नुसता शेजारच्या हॉटेलाकडं हात करायचा.

"मिसळच ठेवा, सर," सौदामिनी म्हणायची. "जिमपेक्षा बरी चालेल."

ती भोरच्या कोर्टात वकिली करायची. न्यायाधीशांनी तारीख पुढं ढकलली की त्या संध्याकाळी ती हमखास इथं यायची, काळा कोट खिळ्याला अडकवायची आणि टांगलेल्या बॅगेवर तुटून पडायची. तिला कुणाशी लढायचं नव्हतं, नुसतं मारायचं होतं. हनुमंतला असे विद्यार्थी बरे वाटत. ते हरत नाहीत.

दाराशी लोखंडी खुर्ची टाकून कुंडलिकनाना बसलेले असत. नाना हनुमंतच्याच गावचे, कामथडीचे. एके काळी जत्रांची मैदानं गाजवलेले पैलवान. हनुमंतनं मातीतला पहिला डाव त्यांच्याकडूनच घेतला होता. या नव्या प्रकारावर त्यांचं एकच म्हणणं होतं आणि नवा माणूस दिसला की ते त्याला ऐकवत.

"आमच्यात पाठ लागली की कुस्ती संपती. ह्यांच्यात पाठ लागली की सुरू व्हती. आता ह्येला काय म्हनायचं?"

हनुमंत हसायचा. त्याची स्वतःची पाठ मुंबई, गोवा, इंदूर अशी कुठंकुठं लागली होती. चांगला लढवय्या म्हणून त्याचं नाव कधी झालं नाही, पण मार खाण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. आयोजक त्याला मुद्दाम बोलवायचे, कारण तो लवकर पडत नसे आणि लोकांना तमाशा पुरेसा वेळ बघायला मिळे. "पडलो, पर झोपलो न्हाई कधी," हे तो पोरांना अभिमानानं सांगायचा. सांगताना उजव्या भुवईवरचा वण बोटानं चोळायचा.

हल्ली त्याचं डोकं दुखे. दुखण्याचं त्याला काही वाटत नव्हतं, दुखणं ओळखीचं होतं. ओळखीचं नव्हतं ते दुसरंच. बोलता बोलता एखादा शब्द हातातून मासा निसटावा तसा निसटायचा. वरदला तो कधी विराज म्हणायचा, कधी विनय. वरद सगळ्या नावांना ओ द्यायचा. एका संध्याकाळी त्यानं पाय अडकवून पाडायचा डाव शिकवला आणि जरा वेळानं तोच डाव नव्यानं शिकवायला घेतला. पोरांनी तो दुसऱ्यांदाही तितक्याच मन लावून केला. शहाणी पोरं आहेत, त्याला वाटलं. मग सौदामिनीनं खाली घातलेली मान त्याला दिसली आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला.

एकदा तर कामथडीहून जिमला म्हणून निघालेला तो शिवरं मागं टाकून पुढच्या टोलनाक्यापर्यंत गेला. गाडी बाजूला घेतली आणि आपण कुठं निघालोय ते आठवत बसला. मागून हॉर्न वाजत होते. रात्री नीट झोप झाली नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. घरी मंगलला, त्याच्या बायकोला, यातलं काहीच सांगितलं नाही.

राहिला अमृत. हिर्डोशीकडच्या डोंगरातलं पोरगं. विशीतलं. शिवऱ्याच्या एका गोदामात पोती उचलायला होता, तिथंच राहायचा आणि काम सुटलं की धावत जिमला यायचा. हनुमंतनं अंगानं याहून मोठी पोरं पाहिली होती, पण एकदा दाखवलं की अंगात मुरलं, असं पोरगं दुसरं पाहिलं नव्हतं. त्याच्याकडं बघताना हनुमंतला वाटायचं, आपण जे सगळं सोसलं ते या एका पोराच्या हातातून सरळ होऊन बाहेर येईल. एकच खोट होती. समोरच्याला लागलं, की अमृत थांबायचा.

नसरापूरला मंगल कार्यालयात स्पर्धा भरली. लग्नाचा मंच काढून तिथं जाळीचा पिंजरा उभा केला होता. मागच्या भिंतीवर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच राहिलं होतं. वजनासाठी हनुमंतनं अमृतचं मीठ बंद केलं होतं. वजन उतरल्यावर अमृतच्या आईनं, साळूबाईनं, डोंगरातून पाठवलेल्या नाचणीच्या भाकऱ्या तो कोपऱ्यात बसून खात होता. माईकवरच्या माणसानं "हिर्डोशीचा वाघ" अशी आरोळी ठोकली तेव्हा त्यानं कोण आलं ते बघायला मागं वळून पाहिलं.

समोरचा पोरगा बारामतीकडचा होता. पहिल्या फेरीत अमृतनं त्याला नुसतं दमवलं. दुसऱ्या फेरीत कंबर धरून उचलला, आपटला आणि छातीवर बसला. कार्यालय उठून उभं राहिलं. वरद आणि सौदामिनी जाळीला चिकटले होते. एक ठोसा, दुसरा, तिसरा. खालच्या पोराचे हात तोंडावरून घसरले. पंच वाकून बघू लागला. आणखी दोन बसले असते तर त्यानं लढत थांबवली असती.

अमृतची मूठ वर गेली आणि तिथंच राहिली.

हनुमंत जाळीला धरून ओरडत होता. अमृतला ते ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. तो खालच्या पोराच्या तोंडाकडं बघत होता. त्याचे ओठ हलले. तो काय विचारत होता ते ऐकायची हनुमंतला गरज नव्हती. तेवढ्यात खालच्या पोराचा जीव परत आला. त्यानं अंग उसळवलं, अमृतचा वर राहिलेला हात पकडला, पायांत घेतला आणि कोपरातून उलटा ताणला. अमृतनं हार मानून मोकळ्या हातानं मॅटवर थापट्या मारल्या.

परतीच्या वाटेवर वरद गाडी चालवत होता. मागं अमृत कोपरावर बर्फाची पिशवी धरून खिडकीला टेकला होता, शेजारी कुंडलिकनाना होते.

"का?" हनुमंतनं पुढच्या सीटवरून विचारलं.

"जमलं न्हाई, सर."

"आयुष्यात एक पोरगं घडवलं," हनुमंत काचेकडं बघत म्हणाला, "आन् त्याला दया आली."

"दया न्हवं ती," कुंडलिकनाना मागून म्हणाले.

"मग काय?"

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कामथडी आली," एवढंच म्हणाले आणि उतरायच्या तयारीला लागले.

दुसऱ्या दिवशी अमृत जिमला आला नाही. त्यानंतरही नाही. भात काढायला गावी गेलाय, असं गोदामातून कळलं. संध्याकाळी हनुमंत शिट्टी गळ्यात घालून मॅटच्या कडेला उभा राही आणि दाराकडं बघे. वरद आणि सौदामिनी एकमेकांना हळूहळू मारत. कुणाच्या मारण्यात जीव नव्हता. एक कुटुंब मिसळीची चौकशी करायला आत आलं तेव्हा हनुमंतनं हात करायचंही विसरून त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. सौदामिनीनं त्यांना हॉटेल दाखवलं.

शेवटी एका सकाळी त्यानं ठरवलं, की पोराच्या गावी जायचं आणि समोर बसवून विचारायचं. राग गिळून बसण्यात अर्थ नव्हता.

"कुठं निघालात?" दारात मंगलनं विचारलं.

"जिमला."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग आत जाऊन त्याचा मोबाईल आणला आणि त्याच्या शर्टाच्या खिशात घालून खिशाचं बटण लावलं.

"फोन आला तर उचला," ती म्हणाली.

मोटारसायकल त्यानं काढली नाही. कापूरहोळला जीप धरली, भोरला एसटी. गाडीत डोंगरातल्या चार बाया आणि खताची पोती होती. कंडक्टर जवळ आला तसा हनुमंतनं खिशात हात घातला, पण तोंड उघडायच्या आतच कंडक्टर म्हणाला,

"हिर्डोशी ना?"

आणि त्यानं तिकीट पुढं केलं. हनुमंतला बरं वाटलं. नसरापूरच्या लढतीला हा असणार. चेहरा ओळखतात अजून लोक. त्यानं भुवईवरचा वण चोळला आणि खिडकीबाहेर धरणाच्या पाण्याकडं बघत बसला. पाणी ओसरू लागलं होतं, काठाला तांबड्या मातीच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या.

फाट्यावर उतरल्यावर घर विचारायला कुणी दिसलं नाही. पण पायवाट एकच होती. पुढं तिला दोन फाटे फुटत होते, तिथं तो करवंदाच्या जाळीकडून वळला आणि वस्ती समोर आली. एक पिवळं कुत्रं उठलं. भुंकणार म्हणून तो थांबला. कुत्र्यानं शेपूट हलवली आणि ते परत आडवं झालं.

अंगणापुढच्या खळ्यावर अमृत भात झोडत होता. पेंढी दोन्ही हातांत धरायची, डोक्यावरून मागं न्यायची आणि समोरच्या फळीवर आपटायची. दाणे चारी बाजूंना उडायचे. प्रत्येक फटका कंबरेतून येऊन खांद्यातून सुटत होता, हनुमंतनं शिकवला होता तसाच. हनुमंत जरा वेळ लांबूनच बघत राहिला. त्याचा राग थोडा वाढला.

"सर," अमृतनं पेंढी खाली ठेवली. चकित झालेला दिसला नाही. "या. बसा." त्यानं सावलीतली घोंगडी झटकून घातली, मोबाईल उचलला आणि घरामागच्या चढावर गेला. तिथंच रेंज मिळत असावी. बोलणं ऐकू आलं नाही. "व्हय, व्हय, हितंच," एवढंच वाऱ्यावर आलं.

साळूबाईनं चहा आणला. बारीक चणीची बाई, पदर कंबरेला खोचलेला, केसांत भाताची कुसळं.

"साकर घातली न्हाई," ती म्हणाली.

हनुमंत बिनसाखरेचाच चहा घ्यायचा. पोरानं घरी आपल्याबद्दल बरंच सांगितलेलं दिसतंय, असं त्याला वाटलं आणि विचारायला आणलेले कडक शब्द जरा सैल झाले. त्यानं चहा संपवला. अमृत परत आला आणि पेंढी उचलून कामाला लागला. हनुमंत उठून फळीजवळ गेला.

"तुला खडसवायला आलो न्हाई," तो म्हणाला. "एकच इचारतो, त्याचं खरं उत्तर दे. ही पेंढी हानतोस तसं दोन हानलं असतंस तर त्यो पोरगा उठला नसता. नाव झालं असतं तुझं. भाताला मारतोस, मग मानसाला का न्हाई?"

अमृतची पेंढी डोक्यावर गेली होती. ती त्यानं फळीवर आपटली नाही. सावकाश खाली घेतली.

साळूबाई पलीकडं सुपानं दाणे गोळा करत होती.

"त्ये परवाच सांगितलं की त्येनं तुमास्नी," ती मान वर न करता म्हणाली. "हितंच उभं व्हता तुमी."

"आये," अमृत म्हणाला.

तिनं वर पाहिलं, आधी पोराकडं, मग हनुमंतकडं. आपण काहीतरी भलतंच बोललो, हे तिच्या ध्यानात आलं. सूप तसंच हातात धरून ती राहिली.

"परवा मी जिमात होतो," हनुमंत म्हणाला.

खाली नदीकडच्या खाचरात कुणीतरी बैलाला हाकारत होतं. हनुमंतनं परवाचा दिवस आठवून पाहिला. दार आठवलं. मॅटची कड आठवली. पण ती कोणत्या दिवसाची होती, ते त्याला सांगता आलं नसतं. तिकीट पुढं करणारा कंडक्टर त्याच्या डोळ्यांपुढं आला. तो खळ्याच्या कडेच्या दगडावर बसला.

"काय सांगितलं होतंस परवा?"

"जाऊ द्या, सर."

"सांग."

अमृत त्याच्यासमोर उकिडवा बसला. हातातल्या पेंढीतली एक काडी त्यानं ओढून काढली आणि तिचे तुकडे करू लागला.

"त्याचं डोस्कं माज्या हाताखाली व्हतं," तो म्हणाला. "डोळं फिरल्यागत झालं त्याचं. म्या म्हनलं, ह्याला बी उद्या कुनीतरी सर म्हनंल. ह्यो बी पोरं गोळा करून शिकवंल. लई जीव लावून शिकवंल. आन् मग येक दिस..." काडी संपली होती. "मग हात खाली आलाच न्हाई."

हनुमंतनं मान हलवली. राग येईल म्हणून तो वाट बघत होता, पण राग आला नाही. डोक्यात ठोसा बसल्यावर पहिल्या क्षणी काहीच दुखत नाही, नुसतं सगळं लांब जातं, तसं खळं, पेंढ्या आणि समोरचं पोरगं लांब गेल्यासारखं वाटलं.

"मग मी काय म्हनलो?"

"बरं केलंस म्हनला."

"आनखी?"

"आता कुनाला मारू नगं म्हनला. बास." अमृतनं हातातले तुकडे झटकले. "मग माज्यासंगट भात झोडाया लागला. गाडीची येळ होईपतूर. सांजच्याला भोरच्या स्टँडवर वरदसायेब आले व्हते न्यायला. आज बी येत्यात. वैनींना फोन केलाय म्या."

"वरद," हनुमंत म्हणाला. नाव बरोबर आलं होतं. त्यानं ते पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं.

या पोराला परवा न म्हणालेलं काहीतरी आज म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण परवा आपण काय म्हणालो नव्हतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो उठला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि फळीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. साळूबाईनं न सांगता तिथला दाण्यांचा ढीग बाजूला ओढला. अमृतनं त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला घेतलं, कुसळं डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून, आणि एक पेंढी त्याच्या हातात दिली.

दोघं झोडू लागले. एकाची पेंढी वर गेली की दुसऱ्याची फळीवर यायची. हनुमंतचे खांदे अजून भक्कम होते. घाम आला, डोकं हलकं झालं. साळूबाई भाकरी टाकायला आत गेली आणि चुलीचा धूर कौलांतून वर येऊ लागला.

"भोरची गाडी किती वाजता असती रे?" त्यानं विचारलं.

"सांगतो म्या, सर."

झोडलेला पेंढा मागं साठत गेला. ऊन फळीवर आलं. हनुमंतनं हात थांबवून रस्त्याकडं पाहिलं, मग हातातल्या रिकाम्या पेंढीकडं.

"अमृत, भोरला गाडी किती वाजता हाय?"

"सांगतो म्या, सर," अमृत त्याच आवाजात म्हणाला. त्यानं हनुमंतच्या हातातला पेंढा घेऊन मागं टाकला आणि पुढची पेंढी दिली.